खोली हवी

माझ्या लेखाखाली बाईंनी हिरव्या शाईत ‘खोली हवी’ असा शेरा लिहिला, आणि मी आईला तिच्या खोलीतून बाहेर काढून तिथे माझं टेबल टाकलं.

चूक एवढीच. पुढचं सगळं त्या चुकीचं पालनपोषण.

आता कुणी म्हणेल, पन्नाशी उलटलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला खोली म्हणजे काय हे कळू नये? कळतं हो. विहिरीची खोली कळते, खाडीची कळते, विचारांचीही असते असं ऐकून आहे. पण डोंबिवलीत अर्धा जन्म काढलेल्या माणसाने ‘खोली’ हा शब्द वाचला की त्याच्या डोळ्यांपुढे विहीर येत नाही. खोली केवढी, हवेशीर आहे का, पंखा मधोमध आहे का, दार उघडलं की कपाटाला आपटतं का, हे येतं. त्यातून माझा तो लेखही खोलीवरच होता. म्हणजे दोष निम्मा भाषेचा आहे. उरलेला निम्मा कुणाचा ते पुढे येईलच.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. तीस वर्षं नटबोल्ट, वॉशर आणि पॅकिंगची खोकी मागवतोय. माझ्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात भावपूर्ण वाक्य म्हणजे ‘माल अजून आलेला नाही’. पण मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, घर एकदम शांत झालं, आणि मला वाटायला लागलं की आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं बरंच घडून गेलंय. एक जाड वही आणली आणि आठवणी लिहायला घेतल्या. पहिली वीस पानं बायकोला वाचायला दिली. तिने सगळी वाचली, वही मिटली आणि म्हणाली, “छान आहे. पण वीस पानांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत?”

मी म्हणालो, “आठवणी आहेत गं, कबुलीजबाब नाही.”

तरी ते लागलं. म्हणून मी लेखनवर्गात नाव घातलं.

हा वर्ग दर शनिवारी दुपारी चार वाजता आमच्याकडच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. शिकवणाऱ्या बाईंना शाळेतून निवृत्त होऊन जमाना झालाय. आम्ही आठ जण. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, “स्वतःबद्दल कशासाठी लिहायचंय तुम्हाला?”

बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ म्हणाले, नातवंडांना कळावं म्हणून. एक दंतवैद्य बाई आहेत, त्या म्हणाल्या, “दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. सगळं मलाच बोलावं लागतं, तेही दाढांबद्दल. मला दुसरं काहीतरी बोलायचंय.” माझी पाळी आली. मी येताना रिक्षात वाक्य जुळवून ठेवलेलं. म्हणालो, “अंतर्मनाचा शोध घेण्यासाठी.”

बाई म्हणाल्या, “सापडलं की सांगा,” आणि पुढच्याकडे वळल्या.

त्यांचे शेरे दोन शब्दांच्या वर जात नाहीत. ‘कात्री लावा.’ ‘कोण म्हणतं?’ ‘मग?’ बँकवाल्यांच्या हिमालयाच्या प्रवासावर त्यांनी नुसतं ‘थंडी?’ एवढंच लिहिलेलं, कारण अकरा पानांत त्यांना एकदाही थंडी वाजली नव्हती.

माझ्या लेखाचं नाव होतं ‘दहा बाय बारा’. वडील कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कंपनीत होते आणि आम्ही तिथल्या एका चाळीत एका खोलीत राहायचो. मी जीव ओतून लिहिलं. ‘दहा बाय बाराच्या त्या इवल्याशा विश्वात सात माणसं, सात स्वप्नं’ अशी सुरुवात केली. रात्री कोण कुठे झोपायचं त्याचं तर मी चित्रच उभं केलं: आजी खाटेवर, वडील खाटेखाली, दोघी बहिणी डब्यांच्या फळीला पाय लावून, काका बाहेर व्हरांड्यात आणि मी टेबलाखाली. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून केलेला माझा अभ्यासही घातला. वाचताना मलाच दोनदा भरून आलं.

लेख परत मिळाला तेव्हा पहिल्या ओळीतल्या ‘सात’ या शब्दाखाली हिरवी रेघ होती. ती मी दाद समजलो. आणि शेवटी, एकटाच, तो शेरा. खोली हवी.

मी अक्षरशः चालत्या रिक्षात गहिवरलो. म्हटलं, काय बाई आहेत. एवढ्याशा जागेत वाढलेला मुलगा, आज चांगला दोन बेडरूमच्या घरात राहतो, तरी डायनिंग टेबलावर कुकरच्या शिट्ट्या ऐकत लिहितो, हे त्यांनी अक्षरांवरून ओळखलं.

घरी बायको मेथी निवडत होती. मी वही तिच्यापुढे धरली. “बघ. बाईंनी लिहिलंय, मला खोली हवी.”

“मलाही हवीय,” ती म्हणाली. “तुमच्या बाई देतायत का?”

“थट्टा नको. डायनिंग टेबलावर लिहिलंय हे त्यांना नुसतं वाचून कळलं.”

“पान तीनवर वरणाचा डाग आहे. त्यावरून कळलं असेल.”

“प्रत्येक लेखकाला स्वतःची जागा लागते.”

“अहो, पण विचारा तरी, त्यांना नक्की काय म्हणायचंय ते.”

“विचारायचं काय त्यात? मराठीत लिहिलंय.”

आई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली नव्हती. ती म्हणाली, “माझी घे की. मी हॉलमध्ये दिवाणावर पडेन. टीव्ही तिथेच आहे.”

आमच्याकडे एक रिवाज आहे. कुणी काही देऊ केलं की तीनदा नको म्हणायचं. चहासुद्धा आम्ही तिसऱ्या आग्रहाला घेतो. मी ‘नको गं’ एकदाच म्हणालो, तेही जरा हळू.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. मुलगा पुण्याला गेला तेव्हा ती आईकडे आली. आईचं वय तेव्हा सत्त्याहत्तर. त्याआधी तिला खोली अशी कधी नव्हतीच. कोकणात माहेरी भावंडांच्या रांगेत झोपली, लग्न होऊन मोहन्याच्या त्या चाळीत आली, मग इथे डोंबिवलीत नातवाच्या पलंगाशेजारी खाली गादी घालून बरीच वर्षं काढली. खोली मिळाल्यावर तिने फार काही केलं नाही. खाट खिडकीशी ओढली. खिडकीच्या कट्ट्यावर गुडघ्याचं तेल आणि छोटा रेडिओ ठेवला. समोरची इमारत इतकी जवळ आहे की पलीकडची बाई आणि आई खिडकीतून खिडकीत कोथिंबीर देतात. आणि रोज दुपारी जेवण झालं की आई आत जाऊन दार लोटून घ्यायची. मी एकदा विचारलेलं, आत काय करतेस? “काही नाही,” ती म्हणाली होती. “दार लोटलंय ना, ते बघते.”

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी रविवारी सकाळी हॉलमध्ये पडून असलेलं मुलाचं जुनं टेबल आत सरकवलं.

मग मी लेखनाला लागणारी सगळी सिद्धता केली. टेबललॅम्प आणला. शब्दकोश आणला, तो उघडून ‘खोली’ हा एकच शब्द बघितला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. कारखान्यातून एक पिवळं कार्ड आणलं. नवा माल आला की त्याच्यावर दोऱ्याने बांधतात ते: ‘तपासणी चालू. हात लावू नये.’ ते दाराच्या कडीला अडकवलं. खोलीच्या एका भिंतीला ओल आहे. लेखनात ओलावा हवा असंही बाई म्हणायच्या, तेव्हा तीही सोय झाली, असं मी बायकोला म्हणालो. ती हसली नाही.

आणि मी बसलो. ऑफिसातून आलो की चहा घेऊन आत जायचो आणि कार्ड उलटं झालं असेल तर सुलटं करायचो. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, ‘जीवन म्हणजे एक बंद दार’. दुसऱ्या दिवशी ते खोडून ‘उघडं दार’ केलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही ठेवावीत असं ठरलं. मग आईच्या खाटेवर जरा पाठ टेकून विचार करायची सवय लागली. आईची खाट फार चांगली आहे. खिडकीतून वारा येतो, आणि विचाराला डोळे मिटावेच लागतात.

बाई गावाला गेल्यामुळे दोन शनिवार वर्ग नव्हता. तिसऱ्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो आणि माझी पाळी आल्यावर उभा राहिलो.

“बाई, तुमचा शेरा मी अमलात आणला.”

“वा. वाचा मग.”

“लेख नाही झाला अजून. खोली घेतली.”

बँकवाल्यांनी मनापासून विचारलं, “कुठे घेतलीत? इकडेच, की कल्याणला?”

“घरातच. आईची.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अहो, मी लेखात खोली हवी म्हटलं होतं. खोल. उथळ नको, असं.”

दंतवैद्य बाई म्हणाल्या, “मला मागे ‘धार हवी’ लिहिलेलं. नशीब, मी विळी घेऊन नाही बसले.”

मग हॉल जो हसायला लागला तो बराच वेळ थांबेना. खाली वाचनालयातून कोणीतरी वर बघून गेलं. बाई मात्र हसल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. त्यांनी विचारलं, “आई कुठे झोपतात मग?”

“हॉलमध्ये. तिला चालतं.”

“कोण म्हणतं?”

हा शेरा त्या एरवी वहीत लिहितात. तोंडी ऐकायला फार वाईट वाटतो.

“आणि घरी गेलात की तुमच्या लेखातली सात माणसं जरा मोजा,” त्या म्हणाल्या.

मी मोजली नाहीत. इतका अपमान झाल्यावर कोण मोजत बसेल? बाई मराठीच्या आहेत, गणिताच्या नाहीत, असं मनाशी म्हणत घरी आलो. बायकोने विचारलं, “काय म्हणाल्या बाई?”

“चालू ठेवा म्हणाल्या.”

हे मी का म्हणालो? कारण खरं सांगायचं तर टेबल बाहेर काढावं लागलं असतं, आणि टेबल का बाहेर काढलं हे आईला सांगावं लागलं असतं. कार्ड कडीला तसंच राहिलं. आणखी तीन आठवडे मी त्या खोलीत खोलीविना बसलो. ‘बंद दार, उघडं दार’ यात ‘किलकिलं दार’ अशी भर पडली.

मग एका रविवारी सकाळी पोहे होता होता गॅस संपला. बायकोने नवा सिलिंडर लावला आणि म्हणाली, “तारीख टाका कॅलेंडरवर.”

आमचं कॅलेंडर हॉलमध्ये फ्रिजच्या बाजूला असतं. खिळ्याला दोऱ्याने बॉलपेन बांधलंय. गॅस लागला, गिरणी बंद, पाणी येणार नाही, असलं काय काय आई त्या चौकोनात लिहिते. ती सातवी शिकलीय. अक्षर बारीक आणि सरळ. तीस वर्षं ते कॅलेंडर माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मी त्यात सुट्ट्यांशिवाय काही वाचलेलं नव्हतं. त्या दिवशी गॅसचा चौकोन शोधताना वरचे चौकोन वाचले.

‘हा लिहितोय.’

दुसऱ्या दिवशी, ‘हा लिहितोय.’

तिसऱ्या दिवशी, ‘हा लिहितोय. चहा दोनदा.’

चौथ्या दिवशी, ‘घोरतोय.’

मग रविवार. ‘समोरचीचा फोन. खिडकीत हा दिसतो म्हणाली, बनियनवर. दचकली.’

त्याच्या खालच्या ओळीत, मागच्या बुधवारच्या चौकोनात एवढंच होतं: ‘दिवाण टोचतो. सांगू नये.’

मी बॉलपेन हातात धरून उभा राहिलो. सहा आठवड्यांत माझं एक पान झालं नव्हतं आणि आईने एवढ्याशा चौकोनात मला बनियनसकट उभा केला होता. पण ते लेखकाचं दुःख झालं, ते नंतर. आधी तो शेवटचा चौकोन. दिवाणाची एक फळी मधोमध उचललेली आहे, हे मला माहीत होतं. पाहुणे आले की मी नेहमी त्याच्या कडेला बसतो.

आणि तिथे उभ्या उभ्या, कुणी न सांगता, मी मोजायला लागलो. आजी खाटेवर, एक. वडील खाटेखाली, दोन. बहिणी, चार. काका पाच. मी टेबलाखाली, सहा. परत मोजली. आजीला दोनदा धरलं तरच सात होत होती. सहाच.

सात स्वप्नं लिहिली होती मी. सातवं माणूस झोपायचं कुठे, हे त्या खोलीत अठरा वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं.

पोहे झाल्यावर आईच्या शेजारी दिवाणावर जाऊन बसलो. कडेला नाही, मधे. फळी खरंच टोचते.

“आई, मोहन्याला तू कुठे झोपायचीस गं?”

“आज काय काढलंस सकाळी सकाळी?”

“सांग ना.”

“मोरीशी.”

इतके दिवस शोधत होतो ते हेच, असं वाटलं. म्हणालो, “आई, केवढा गं हा त्याग.”

“कसला त्याग?” आई म्हणाली. तिने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मोरीवर जाळी होती, तिच्यातून रात्रभर वारा यायचा. उन्हाळ्यात तुम्ही सगळे घामाने निथळायचात. आख्ख्या खोलीत चांगली जागा तेवढीच होती. तुझ्या काकांना कळलं असतं तर पहिले येऊन पडले असते. म्हणून मी म्हणायचे, पहाटे नळ येतो ना, मला आवाज यायला हवा, मी इथेच पडते बापडी.”

“म्हणजे अठरा वर्षं...”

“तुझी आजी सगळ्यांना सांगायची, सून किती कष्टाची.” आई खूश दिसत होती. मग एकदम सावध झाली. “हे लिहू नकोस हां. काका काय म्हणतील?”

“आई, काका जाऊन बारा वर्षं झाली.”

“म्हणून काय झालं? आणि ते दिव्याखालच्या अभ्यासाचं पण खोड. आपल्या रस्त्याला दिवा नव्हता, आणि तुला अभ्यास.”

त्याच सकाळी मी टेबल बाहेर ओढलं. बायकोने दुसरं टोक धरलं. दारात टेबल अडकलं तेव्हा मी तिला शेऱ्याचा खरा अर्थ सांगितला, कारण त्या अवस्थेत ती सोडून जाऊ शकत नव्हती. तिने आपलं टोक तिरकं करून टेबल दारातून सोडवलं. मग म्हणाली, “नशीब. ‘विस्तार हवा’ लिहिलं असतं तर शेजाऱ्यांना काढलं असतं तुम्ही.”

पिवळं कार्ड मी खिशात घालत होतो. आईने ते मागून घेतलं आणि परत कडीला लावलं.

मग मी डायनिंग टेबलावर, कुकरच्या शेजारी, दोन पानं लिहिली. मोरीची जाळी, वारा, नळाची थाप, आणि एक खोली जी मी घेतली. सहा की सात, ते पहिल्याच ओळीत सांगितलं. अंतर्मनाचा शोध तूर्त बंद ठेवलाय. बाईंनी परत विचारलंच कशासाठी लिहिता, तर माणसं मोजायला लिहितो म्हणून सांगेन. त्यावर त्या काय म्हणतील ते माहीत आहे. ‘मग?’ म्हणतील.

पण बाईंच्या आधी ते आईला वाचून दाखवायचं ठरवलं, कारण लिहू नकोस असं तिने बजावलेलं आणि मी लिहिलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर तिच्या दारावर टकटक केली. ती खाटेवर पाय सोडून गुडघ्याला तेल लावत होती. मी उभ्यानेच वाचलं. तिने मधे कुठे अडवलं नाही. काकांच्या जागी फक्त खिडकीबाहेर बघितलं, समोरची ऐकत नाही ना म्हणून. बनियनच्या ओळीला हसली. दिवाणाच्या ओळीला तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि पुन्हा ठेवली.

वाचून झालं. मी वही मिटली आणि, लेखक शेवटी लेखकच, विचारलं, “आई, आता आली का गं खोली?”

“माझी आली,” आई उशी सरळ करत म्हणाली. “तुझी काही येईलसं वाटत नाही. जाताना दार लोटून घे.”